चाकाआधीची माती

गोरोबाकाकांची कथा सर्वांना ठाऊक आहे. त्या कथेत ते चाक फिरवीत नाहीत, माती तुडवीत असतात. कुंभाराचे निम्मे काम तेथेच होते, हे मला कुंभाराची मुलगी म्हणून ठाऊक आहे.

वाळलेली माती कुटून, चाळून भिजत घालतात. तीत घोड्याची लीद व राख मिसळून ती पायांनी तुडवितात, मग गोळे करून हातांनी मळतात. एवढा खटाटोप कशासाठी? गोळ्यात हवा अडकली, तर चाकावर मडक्याची कड डगमगते. चुनखडीचा खडा राहिला, तर भट्टीत त्याचा कळीचा चुना होतो. पुढे दमट हवेत तो फुगतो आणि धड दिसणाऱ्या मडक्याचा टवका उडतो. लीद मात्र जळून बारीक छिद्रे ठेवून जाते. त्यांतून पाझरलेले पाणी वाफ होऊन उडते, म्हणून माठातले पाणी गार राहते.

म्हणजे मडक्याचा टिकाऊपणा व गारवा बराचसा चाकाआधीच ठरतो. लोकांना मात्र चाक तेवढे दिसते. आमच्या घरी चाकावर वडील बसतात, माती आई मळते. मडके कोणी घडविले असे कोणी विचारले, तर मी दोघांची नावे सांगते.