आठ अधिक दोन बरोबर ब्याऐंशी?

मधुमेहाच्या रुग्णाची जेवणाआधीची इन्सुलिनची नेहमीची मात्रा ८ युनिट. साखर जास्त आली म्हणून त्यात आणखी २ युनिटची भर घालायची. एकूण १० युनिट. वॉर्डातली कुठलीही परिचारिका हे उत्तर क्षणात देईल. पण हीच बेरीज संगणकावर केली आणि त्यामागचा प्रोग्राम जावास्क्रिप्ट या भाषेत निष्काळजीपणे लिहिलेला असला, तर उत्तर ८२ येऊ शकते. त्यासाठी यंत्र बिघडावे लागत नाही की व्हायरस शिरावा लागत नाही. भाषेच्या नियमांप्रमाणे ते उत्तर बरोबरच असते.

असे का होते? पडद्यावरच्या रकान्यात टाईप केलेला ‘८’ हा प्रोग्रामकडे संख्या म्हणून नव्हे, तर मजकूर म्हणून येतो. वाढीव मात्रा, म्हणजे २, ही प्रोग्रामने स्वतः हिशेब करून काढलेली संख्या असते. मजकूर आणि संख्या यांच्यामध्ये अधिकचे चिन्ह आले की जावास्क्रिप्ट संख्येचाही मजकूर करते आणि दोन्ही शेजारी चिकटवते. ८ च्या पुढे २, म्हणून ८२. तिथे वजाबाकी असती, तर तिने उलट मजकुराची संख्या केली असती आणि उत्तर बिनचूक ६ दिले असते. पायथनसारखी भाषा अशा बेरजेला नकार देऊन थांबते. जावास्क्रिप्ट थांबत नाही. ती अंदाज बांधते आणि पुढे जाते.

आज रुग्णालयातील नोंदणी खिडकीपासून प्रयोगशाळेच्या अहवालापर्यंत अनेक गोष्टी ब्राउझरमध्ये उघडतात आणि ब्राउझरमध्ये मुख्यतः हीच भाषा चालते. त्यामुळे ती चांगली की वाईट हा वाद आता केवळ संगणक अभियंत्यांचा राहिलेला नाही.

दहा दिवसांत जन्मलेली भाषा

१९९५ च्या मे महिन्यात अमेरिकेतील नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी या भाषेचा पहिला नमुना अवघ्या १० दिवसांत तयार केला. आधी तिचे नाव मोका होते, मग लाइव्हस्क्रिप्ट झाले आणि वर्षअखेरीस जावास्क्रिप्ट. त्या वेळी गाजत असलेल्या जावा भाषेच्या नावाचा फायदा घ्यावा, एवढाच त्यामागे हेतू होता. दोन्ही भाषा वेगळ्या आहेत.

तेव्हाची गरज साधी होती. संकेतस्थळावरचे बटण दाबले की काहीतरी हलावे, अर्जातला रिकामा रकाना लक्षात यावा. हौशी माणसालाही चार ओळी लिहिता याव्यात आणि एखादी चूक झालीच तर अख्खे पान कोसळू नये, म्हणून भाषा सोशिक ठेवली गेली. चित्र हलवण्याच्या कामात ही सोशिकता गुणच होती. पुढे त्याच भाषेत औषधाच्या मात्रांचे हिशेब होतील, असे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनीही नसेल.

१९९७ मध्ये भाषेचे प्रमाणीकरण झाले, पण घाईत राहिलेल्या काही चुका कायमच्या राहून गेल्या. त्या दुरुस्त केल्या तर त्यांच्या भरवशावर चालणारी असंख्य जुनी पाने बंद पडतील, ही अडचण होती. म्हणून भाषेत नवे जोडले जाते, जुने सहसा काढले जात नाही.

न बोलणाऱ्या चुका

८२ युनिटचा आकडा पाहून अनुभवी परिचारिका थबकेल. खरा धोका डोळ्यांत न भरणाऱ्या चुकांचा आहे.

डेंग्यूच्या रुग्णाच्या प्लेटलेट दीड लाखांपेक्षा कमी असल्या तर पडद्यावर लाल इशारा यावा, असा नियम लिहिला आहे असे समजा. दोन्ही आकडे मजकूर म्हणूनच राहिले, तर त्यांची तुलना शब्दकोशातल्या शब्दांसारखी होते, म्हणजे पहिले अक्षर आधी पाहिले जाते. १२०००० आणि १५०००० यांची तुलना बरोबर होते आणि इशारा येतो. पण ९००० मधला पहिला आकडा ९, आणि ९ हा १ पेक्षा मोठा. त्यामुळे ९००० प्लेटलेट ‘दीड लाखांपेक्षा जास्त’ ठरतात. सौम्य रुग्णाला इशारा मिळतो आणि गंभीर रुग्णाला मिळत नाही. चाचणीच्या वेळी कुणी १२०००० हाच आकडा घालून पाहिला असेल, तर सगळे ठीक आहे असाच समज होणार.

रिकामा रकाना हे दुसरे उदाहरण. रिकाम्या मजकुराची संख्या करायला सांगितली की जावास्क्रिप्ट त्याचे शून्य करते. वैद्यकात मात्र ‘लघवी शून्य मिलिलिटर’ आणि ‘लघवी मोजलीच नाही’ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत मूत्रपिंडाची काळजी करायची, दुसरीत नोंद पूर्ण करून घ्यायची.

तिसरे उदाहरण मराठी कळफलकाचे. ही भाषा इंग्रजी आकडेच संख्या म्हणून ओळखते. कुणी देवनागरीत ‘१२’ लिहिले आणि त्याची संख्या करायला सांगितली, तर ‘ही संख्या नाही’ असे एक खास मूल्य मिळते. या मूल्याची कोणत्याही मर्यादेशी ‘जास्त आहे का’ किंवा ‘कमी आहे का’ अशी तुलना केली, तरी उत्तर ‘नाही’ असेच येते. म्हणजे इशाऱ्याची घंटा वाजतच नाही.

तारखांचा घोळ तर भारतीय वेळेमुळे आणखी वाढतो. ४ मार्चच्या मध्यरात्री १२ वाजता सुरू होणारा दिवस आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेत ३ मार्चच्या संध्याकाळी साडेसहाला सुरू होतो. जन्मतारीख साठवताना प्रोग्रामने वेळ आंतरराष्ट्रीय केली आणि मग त्यातली फक्त तारीख ठेवली, तर बाळ एक दिवस आधी जन्मल्याची नोंद होते. पन्नाशीच्या माणसाला याने काही फरक पडत नाही. नवजात बाळाच्या काविळीत मात्र उपचाराची मर्यादा बाळाच्या वयाच्या तासांवर ठरते. शिवाय ‘०३/०४’ ही तारीख ब्राउझर सहसा अमेरिकी पद्धतीने ४ मार्च अशी वाचतो, तर आपल्याकडे ती ३ एप्रिल असते. भाषेत महिन्यांची मोजणीही शून्यापासून आहे, म्हणजे जानेवारी हा शून्यावा महिना. ‘टेम्पोरल’ नावाची तारखांची नवी, अधिक नेटकी सोय आता ब्राउझरांमध्ये येऊ लागली आहे, पण जुनी सोयही राहणारच.

एक मर्यादा मोठ्या आकड्यांची. नेहमीच्या संख्येत ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतचे पूर्णांकच खात्रीने अचूक राहतात. त्यापुढे शेवटचा आकडा गुपचूप बदलू शकतो. रोग, लक्षणे आणि तपासण्या यांना जगभर एकच संकेत देणाऱ्या स्नोमेड सीटी या संकेतावलीत १८ अंकांपर्यंतचे क्रमांक असू शकतात. भारत २०१४ पासून या व्यवस्थेचा सदस्य आहे आणि आरोग्य नोंदींच्या मानकांचे राष्ट्रीय केंद्र पुण्यात सी-डॅकमध्ये आहे. असे क्रमांक संख्या म्हणून नव्हे, तर मजकूर म्हणूनच हाताळावे लागतात.

मग तिला सर्वत्र स्थान का?

इतके दोष असताना ही भाषा टिकली, याला सबळ कारणे आहेत. ती वापरायला काहीही ‘इन्स्टॉल’ करावे लागत नाही. तालुक्याच्या रुग्णालयातला जुना संगणक असो की आशा कार्यकर्तीचा मोबाईल, ब्राउझर असला की झाले. सुधारणा सर्व्हरवर एकदा केली की ती सगळीकडे पोहोचते. ब्राउझर या प्रोग्रामला कुंपणात ठेवतो, त्यामुळे संकेतस्थळाला संगणकातल्या फायलींमध्ये मनमानी करता येत नाही. ती जाणणारे प्रोग्रामर मुबलक आहेत, आणि कमी पैशात चालणाऱ्या संस्थांसाठी ही बाब फार मोठी असते.

छत्तीसगडमधील बिलासपूरजवळच्या गनियारी येथे जन स्वास्थ्य सहयोग हे रुग्णालय आहे. तिथल्या गरजेतून ‘बाम्नी’ ही मुक्त रुग्णालय प्रणाली उभी राहिली. तिचा पडद्यावरचा भाग जावास्क्रिप्टमध्ये आहे आणि ती पुढे इतर देशांतही गेली. सीटी स्कॅन, एमआरआयच्या प्रतिमा थेट ब्राउझरमध्ये दाखवणारा ‘ओएचआयएफ’ हा मुक्त दर्शकही याच भाषेच्या कुटुंबातला. अशा साधनांमुळे दूरच्या तज्ज्ञाला महागडे सॉफ्टवेअर न घेता प्रतिमा पाहता येतात.

मात्र या लोकप्रियतेलाही किंमत आहे. भाषा जुनी टिकते, पण तिच्यावर उभारलेले सांगाडे पटापट बदलतात. बाम्नीचा पडदा ज्या ‘अँग्युलरजेएस’ सांगाड्यावर उभारला गेला, त्याचा अधिकृत आधार २०२१ च्या अखेरीस संपला. रुग्णालयाचे सॉफ्टवेअर १५-२० वर्षे चालावे अशी अपेक्षा असते, तेव्हा हा देखभालीचा खर्च सुरुवातीलाच धरावा लागतो. शिवाय प्रोग्रामर इतरांचे तयार तुकडे सर्रास वापरतात. २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा ११ ओळींचा एक तुकडा त्याच्या लेखकाने काढून घेतला आणि जगभरातल्या कितीतरी प्रकल्पांचे काम अडले होते.

कडक भाषा हा उपाय आहे का?

टीकाकार म्हणतात, जिवाशी संबंध असलेल्या कामात अशी सैल भाषा नकोच. या म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘टाइपस्क्रिप्ट’ आणली. संख्या कुठली आणि मजकूर कुठला, हे तिच्यात प्रोग्राम लिहितानाच ठरवता येते आणि गफलत आधीच पकडली जाते. पण हे पहारेकरी प्रोग्राम चालू होण्यापूर्वीच निघून जातात. प्रत्यक्ष वॉर्डात रात्री दोन वाजता रकान्यात काय टाईप झाले, हे टाइपस्क्रिप्ट तपासत नाही. ती तपासणी स्वतंत्रपणे लिहावी लागते, आणि ब्राउझरसोबत सर्व्हरवरही करावी लागते.

शिवाय सगळ्या चुका जावास्क्रिप्टच्या माथी मारणेही बरोबर नाही. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ दाखवली म्हणून तिची थट्टा होते, पण संगणकात अपूर्णांक साठवण्याच्या प्रचलित पद्धतीमुळे पायथनही तेच उत्तर देते. मजकुरातल्या प्लेटलेटची तुलनाही पायथन तशीच चुकीची करील. कडकपणासाठी नावाजलेल्या एडा भाषेतही अपघात झाला आहे. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन-५ रॉकेट उड्डाणानंतर सुमारे ३७ सेकंदांत भरकटून नष्ट झाले. जुन्या रॉकेटसाठी लिहिलेला एडा प्रोग्राम नव्या रॉकेटवर तसाच वापरला गेला होता आणि एक मोठी संख्या लहान जागेत मावली नाही.

हा प्रश्न वैद्यकाला नवा नाही. औषधचिठ्ठीची भाषाही अशीच सैल होती. ‘युनिट’साठी नुसते इंग्रजी ‘यू’ लिहिले की ते शून्यासारखे दिसे आणि ४ युनिटचे ४० होत. ‘५.०’ मधला ठिपका पुसट असला की ५० वाचले जाई. चिठ्ठ्या लिहिणे कुणी बंद केले नाही. अमेरिकेतील जॉइंट कमिशनने २००४ मध्ये ‘हे वापरू नका’ अशी यादी लागू केली. त्यात ‘यू’ आणि दशांश चिन्हानंतरचे अनावश्यक शून्य या दोन्ही गोष्टी होत्या. आपल्याकडे २०१६ मध्ये तत्कालीन वैद्यक परिषदेने औषधाचे नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या लिपीत लिहावे असा नियम केला. डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००८ मधील आपल्या पुस्तकात जावास्क्रिप्टबद्दल हाच मार्ग सांगितला: चांगला भाग वापरा, घातक भाग टाळा.

खरेदी करणाऱ्यांनी आणि रुग्णांनी काय पाहावे

रुग्णालयाने सॉफ्टवेअर घेताना ते कोणत्या भाषेत आहे, एवढेच विचारून भागत नाही. प्रात्यक्षिकाच्या वेळी डॉक्टर आणि परिचारिकांनी स्वतः बसून चुकीचे आकडे भरून पाहावेत. वजनाचा रकाना रिकामा ठेवावा. तिथे देवनागरी आकडा, स्वल्पविरामासह ‘१,५०,०००’, उणे संख्या किंवा ‘५०० किलो’ लिहावे. जन्मतारीख ०३/०४ भरून, जतन करून पुन्हा उघडावी. इशारा देणारी मर्यादा थोडी ओलांडून पाहावी, तशीच खूप ओलांडूनही पाहावी. प्रत्येक वेळी प्रणालीने थांबून स्पष्ट शब्दांत विचारले पाहिजे. निमूटपणे पुढे जाणारी प्रणाली दिसायला कितीही देखणी असली, तरी घेऊ नये. काढलेल्या मात्रेसोबत ती कोणत्या वजनावरून आणि कोणत्या हिशेबाने आली, हेही पडद्यावर दिसले पाहिजे. इन्सुलिनसारख्या औषधांसाठी दुसऱ्या व्यक्तीने मात्रा पडताळण्याची जुनी पद्धत संगणक आला म्हणून सोडू नये.

रुग्णांनी आणि नातेवाइकांनी छापील कागदावरच्या चार गोष्टी वाचाव्यात: नाव, जन्मतारीख, वजन आणि औषधाची मात्रा. लहान मुलाचे वजन किलोत आहे ना, तारखेत दिवस आणि महिना अदलाबदल झालेले नाहीत ना, नेहमीच्या मात्रेपेक्षा आकडा एकदम वेगळा नाही ना, हे पाहायला एक मिनिट पुरते. शंका आली तर औषध घेण्यापूर्वी विचारावे. आणि ‘संगणकावर असेच आले आहे’ हे उत्तर मिळाले, तर हिशेब पुन्हा कागदावर करून दाखवण्याची विनंती करावी.