अविवाहित जोडप्यांना हॉटेलात खोली : कायदा काय सांगतो?
जपानमध्ये ग्रामीण भागांतही काही तासांसाठी खोली देणारी ‘लव्ह हॉटेल’ आहेत. भारतात तशी स्वतंत्र व्यवस्था नाही. मात्र, रायपूरची उरला औद्योगिक वसाहत असो वा मुंबई, सज्ञान अविवाहित स्त्री-पुरुषांनी हॉटेलच्या एका खोलीत राहण्यास कायद्याने मनाई नाही. कोइम्बतूरमधील निवासगृहाच्या प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये हे स्पष्ट केले.

ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबई पोलिसांनी मढ-अक्सा परिसरातील हॉटेलांतून सुमारे ४० जोडप्यांना ताब्यात घेतले होते. अनेकांवर सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन केल्याबद्दल कारवाई झाली. बंद खोली ‘सार्वजनिक’ कशी, हा तेव्हा वादाचा मुद्दा ठरला.

खोली नाकारण्यास मात्र हॉटेलचालकाला वाव आहे. ‘ओयो’ने जानेवारी २०२५ मध्ये मेरठपासून भागीदार हॉटेलांना तशी मुभा दिली. त्यामुळे ओळखपत्र सोबत ठेवून हॉटेलचे नियम आधीच विचारून घेणे हिताचे.