लोकमारियाकेरचा मोडलेला दगड

फ्रान्सचा नकाशा समोर घ्या. वायव्येला अटलांटिक महासागरात घुसलेला जो भूभाग दिसतो, तो ब्रिटनी. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर मॉर्बिआं नावाचे आखात आहे. तिथल्या ब्रेटन भाषेत ‘मोर’ म्हणजे समुद्र आणि ‘बिहान’ म्हणजे लहान. या लहान समुद्राचे तोंड जेमतेम एक किलोमीटर रुंद आहे. भरती-ओहोटीचे सारे पाणी एवढ्याशा फटीतून आत-बाहेर करते. त्यामुळे प्रवाहाला पुराच्या नदीसारखी ओढ असते. तोंडाच्या पश्चिमेकडील भूशिरावर लोकमारियाकेर हे गाव वसले आहे. वस्ती सुमारे दीड हजार. कालवांची शेती हा तिथला जुना धंदा.

या गावात एक प्रचंड दगड चार तुकडे होऊन आडवा पडला आहे. लांबी सुमारे २० मीटर, वजन सुमारे ३०० टन. दगडाची घनता पाण्याच्या २.७ पट धरली, तर त्याचे आकारमान ११० घनमीटर येते. म्हणजे ६ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच अशी वर्गखोली काठोकाठ भरेल एवढा दगड! तो इथल्या खडकाचा नाही. कित्येक किलोमीटरांवरून आणलेला आहे. आणि हे केले कोणी? साडेसहा हजार वर्षांपूर्वीच्या, धातू ठाऊक नसलेल्या शेतकऱ्यांनी.

कशासाठी? अलेक्झांडर थॉम या स्कॉटिश अभियंत्याने १९७१ साली एक उत्तर मांडले. चंद्राची कक्षा सूर्याच्या भासमान मार्गाशी सुमारे ५ अंशांचा कोन करते आणि ती कक्षाही १८.६ वर्षांत एक फेरा घेते. त्यामुळे चंद्र विषुववृत्ताच्या उत्तरेला कधी २८.५ अंशांपर्यंत जातो, तर नऊ-सव्वानऊ वर्षांनी १८.३ अंशांवरूनच मागे फिरतो. चंद्र उगवण्या-मावळण्याच्या जागाही क्षितिजावर तशाच सरकतात. (२०२४-२५ मध्ये तो असाच टोकाला गेला होता.) थॉम म्हणाला, हा स्तंभ म्हणजे बंदुकीच्या नळीवरची माशी, दूरदूरच्या ठरावीक जागांवरून त्याच्या रोखाने पाहून ते लोक चंद्राची ही टोके मोजत असत.

भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला ही कल्पना सहजी सोडवत नाही, हे मी कबूल करतो. पण पुढे उत्खनन झाले आणि स्तंभाशेजारी एका ओळीत आणखी १८ दगडांचे खड्डे सापडले. म्हणजे स्तंभ एकटा नव्हताच. तो रांगेतला सर्वांत थोरला होता. ज्या जागांवरून पाहायचे, तिथले दगड त्याच काळी, त्याच कामासाठी उभारले होते, हेही सिद्ध झाले नाही. थॉमची मोजमापे काटेकोर होती. पण चंद्राला इतक्या जागा आणि आसपास दगड इतके, की काही रेषा जुळायच्याच!

मग रांगेतले बाकीचे दगड गेले कुठे? याचा धागा १९८०च्या दशकात मिळाला. लोकमारियाकेरमध्येच एक दगडी थडगे आहे. त्याच्या छताच्या शिळेवर खालून एका जनावराचे अर्धवट चित्र कोरलेले आहे. सुमारे चार किलोमीटरांवरच्या गावरिनीस बेटावर दुसरे थडगे आहे. त्याच्या छताची वरची बाजू शार्ल-तांगी ल रू या पुरातत्त्वज्ञाने तपासली, तेव्हा चित्राचा पुढचा भाग तिथे मिळाला! दोन्ही शिळा एकाच, सुमारे १४ मीटर उंचीच्या स्तंभाच्या. पूर्वजांनी उभारलेले स्तंभ काही शतकांनी वंशजांनीच उतरवून थडग्यांना वापरले होते. थोरला स्तंभ भूकंपाने पडला की माणसांनी पाडला, यावर मात्र अजून वाद आहे. त्याचा बुंधा एका दिशेला पडला आहे आणि वरचे तीन तुकडे दुसऱ्या.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने या परिसराला जागतिक वारसा ठरवले. आपल्या मराठा किल्ल्यांनाही त्याच बैठकीत तो मान मिळाला.

आता तुम्ही विचाराल, एवढी शिळा बेटावर नेली कशी? त्या काळी गावरिनीस बेट नव्हतेच. समुद्राची पातळी काही मीटर खाली होती आणि गावरिनीस ही मुख्य भूमीवरची टेकडी होती. जवळच्या एर लानिक बेटावर दगडांची दोन वर्तुळे आहेत. एक अर्धे पाण्यात उभे आहे. दुसरे पूर्ण बुडालेले असून त्याचे दगड ओहोटीलाच दिसतात.