माळावरील वाट : पदभ्रमण, पक्षिनिरीक्षण आणि सोनेरी चिखल्या

इंग्लंडमधील डोंगरमाळांवर फिरण्याचा हक्क तेथील सामान्य माणसाला सहजासहजी मिळालेला नाही. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो पदभ्रमणकार बंदी झुगारून किंडर स्काउट या खासगी पठारावर चढले. त्यांपैकी पाच जणांना तुरुंगवास घडला. पुढे २००० सालच्या ग्रामीण परिसर व मार्गाधिकार कायद्याने डोंगर, माळराने आणि नोंदणीकृत सामाईक जमिनींवर पायी हिंडण्याचा अधिकार दिला. सायकलस्वार व घोडेस्वार यांचा त्यात समावेश नाही.

मात्र याच माळांवर अनेक पक्षी जमिनीवर घरटी करतात. म्हणून १ मार्च ते ३१ जुलै या काळात कुत्रा दोन मीटरपर्यंतच्या दोरीने बांधलेला असावा, अशी अट कायद्यातच आहे. निसर्गरक्षणासाठी प्रवेश मर्यादित करण्याचीही तरतूद आहे. येथेच तणाव निर्माण होतो. विणीच्या काळात माळ बंद ठेवावा, असे पक्षिप्रेमींना वाटणे स्वाभाविक आहे. संघर्षाने मिळालेला हक्क पक्ष्यांच्या नावाने काढून घेतला जाईल, ही पदभ्रमणकारांची भीतीही निराधार म्हणता येत नाही. बंदीखेरीज अन्य उपाय आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या दृष्टीने पेनाइन वे या दीर्घ पायवाटेवरील स्नेक खिंडीजवळचा अनुभव उद्बोधक आहे. तेथे सोनेरी चिखल्या वीण करतो. (याचाच भाऊबंद असलेला सोन चिखल्या हिवाळ्यात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर येतो.) पूर्वी वाट चिखलाची होती. चिखल टाळण्यासाठी तीस टक्क्यांहून अधिक लोक वाट सोडून चालत आणि पिले वाढविण्याच्या काळात हे पक्षी वाटेपासून २०० मीटरपर्यंतचा भाग टाळत. वाटेवर दगडी फरशा बसविल्यानंतर ९६ टक्क्यांहून अधिक लोक वाटेवरूनच चालू लागले आणि पक्षी टाळत असलेला पट्टा ५० मीटरवर आला. हे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसांची ये-जा बंद न करता, केवळ ती कोठून होईल हे निश्चित झाल्याने हा फरक पडला. कोणत्याही फलकाने हे साधले असते, असे वाटत नाही. कोरडी वाट मिळाली की माणूस चिखलात शिरत नाही.

अर्थात, त्याच अभ्यासात पिलांच्या उत्पत्तीवर माणसांच्या वावराचा परिणाम आढळला नव्हता, हेही नोंदविले पाहिजे. शिवाय हा एका पक्ष्याचा, एका जागेचा अनुभव आहे.

पक्षिनिरीक्षक स्वतःला या वादातील पंच समजतात. वस्तुतः तेही एक पक्षच आहेत. दुर्बीण घेऊन वाट सोडणारा मनुष्य चिखल्याच्या दृष्टीने वेगळा नसतो. उलट, तो घरट्यापाशी अधिक वेळ थांबतो.

याबाबत गिर्यारोहकांची पद्धत अधिक समंजस दिसते. स्टॅनेजच्या कड्यावर कस्तुराच्या कुळातील रिंग ऊझल घरटे करतो, तेव्हा त्या घरट्यालगतचे चढाईमार्ग तेवढे काही काळ टाळण्याचे आवाहन गिर्यारोहकांची संघटनाच करते. उरलेला कडा खुला राहतो.