नागपूरच्या एम्प्रेस मिलच्या मालकाचं हाँगकाँग कनेक्शन. मुंबई बंदरातून काय गेलं अन् चिनी माणसं कशी आली?

नागपूर : एम्प्रेस मिलच्या जागेवर आज मॉल उभा आहे. जमशेटजी टाटांनी ही गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली, हे अनेक नागपूरकरांना माहीत आहे. पण त्याआधी १८ वर्षं, म्हणजे १८५९ मध्ये, तरुण जमशेटजी वडिलांच्या व्यापारासाठी हाँगकाँगला गेले होते. त्या काळी मुंबई बंदराचा चीनशी मोठा व्यापार होता. याच सागरी मार्गाने पुढे चिनी माणसंही मुंबईत आली.

मुंबईतून चीनला काय जायचं?

मुख्यतः कापूस आणि माळव्यातली अफू. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी चीनच्या पाच सफरी केल्या. त्यांच्या देणगीतूनच मुंबईचं जे. जे. रुग्णालय उभं राहिलं. चीनने अफूवर बंदी घातली, तेव्हा ब्रिटिशांनी युद्ध पुकारलं. १८४२ च्या नानकिंग तहाने हाँगकाँग त्यांच्या ताब्यात गेलं आणि चीनची पाच बंदरं व्यापाराला खुली झाली. पुढे मुंबईच्या गिरण्यांचं सूतही तिकडे जाऊ लागलं. १८६७ मध्ये रेल्वे नागपुरात पोहोचली आणि विदर्भाचा कापूस थेट मुंबई बंदराला जोडला गेला.

चिनी लोक मुंबईत कुठे राहिले?

दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातले खलाशी आणि कारागीर गोदीजवळच्या माझगावात स्थिरावले. तिथलं ‘सी यिप कून’ मंदिर १९१९ चं आहे. ‘सी यिप’ म्हणजे ग्वांगडोंगमधले चार तालुके. म्हणजे मंदिराच्या नावातच या लोकांचं गाव आहे. पुढच्या पिढ्यांनी हॉटेलं, दातांचे दवाखाने आणि ब्युटी पार्लर चालवले.

मग ही वस्ती कमी का झाली?

१९६२ च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या सुमारे ३ हजार लोकांना खटला न चालवता राजस्थानातील देवळीच्या छावणीत डांबण्यात आलं. त्यातले बहुतेक आसाम-बंगालचे होते, अनेकांचा तर जन्मही भारतातलाच होता. संशयाची झळ मुंबईलाही बसली आणि अनेक कुटुंबं परदेशी गेली.

आज काय उरलं आहे?

माझगावचं मंदिर आजही उघडं आहे. चिनी नववर्षाला उरलीसुरली कुटुंबं तिथे जमतात. चीनच्या व्यापारातून आलेल्या पैशाच्या खुणा मुंबईत जागोजागी दिसतात. त्याच मार्गाने आलेल्या माणसांची मोठी खूण मात्र हे छोटंसं मंदिरच आहे.