शिळ्या उसातला चोर

सभासद बंधूंनो, तोडलेला ऊस फडात दोन दिवस पडला की वजन घटते, हे आपण जाणतोच. पण उन्हाने जाते ते पाणी. आतली साखर नेणारा निराळाच आहे.

ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू उसाच्या कापलेल्या टोकातून आत शिरतात. त्यांच्याजवळ एक विकर, म्हणजे एन्झाइम, असते. साखर ही ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची जोडी. विकर ही जोडी तोडते, फ्रुक्टोज सोडून देते आणि ग्लुकोजला ग्लुकोज जोडून लांब माळ ओवते. ही माळ म्हणजे डेक्स्ट्रान. शिळ्या उसाचा रस बुळबुळीत लागतो तो हिच्यामुळे.

२०१० साली नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी याच कुळातल्या एका विकराची रचना प्रसिद्ध केली. ते लॅक्टोबॅसिलस र्‍यूटेरी या दुसऱ्या जिवाणूचे. युक्ती मोठी नामी. चालू विकराला साखर दिली तर ते तोडून मोकळे होते, मग चोर मुद्देमालासकट सापडणार कसा? म्हणून त्यांनी विकराचा बदललेला वाण केला. १०२५ व्या जागी अ‍ॅस्पार्टिक आम्ल होते, तिथे अ‍ॅस्पॅरजिन बसवले. एवढ्या एका बदलाने दात पाडल्यासारखे झाले. साखर तोंडात धरता येते, तोडता येत नाही. या वाणाच्या स्फटिकांवर क्ष-किरण सोडले, तेव्हा साखर नेमकी कुठे धरली जाते ते दिसले. आपले पॅनवाले साखरेचे स्फटिक करतात, त्यांनी प्रथिनाचे केले, इतकेच.

आणि डेक्स्ट्रान तर आपल्या स्फटिकाचा वैरीच. पाक चिकट होतो, दाणा सुईसारखा लांबतो, मळी नीट सुटत नाही. वर प्रयोगशाळेत पोल खऱ्यापेक्षा जास्त दिसते. कागदावर साखर आहे, पोत्यात नाही! एफआरपी उताऱ्यावर ठरते, तेव्हा एकाच्या शिळ्या ट्रॉलीची झळ सगळ्यांना.

डेक्स्ट्रानेज नावाचे विकर रसात घालून ही माळ तोडता येते, पण गेलेली साखर काही परत येत नाही. म्हणून केनवडकडच्या सभासदांना सांगणे एवढेच, की चिठ्ठी हातात आल्याशिवाय फडाला कोयता लावू नका. ट्रॉली येणार नसेल तर टोळीला थांबवा. उभा ऊस एक दिवस थांबेल, तोडलेला थांबत नाही. मोळ्या पाचटाने झाका आणि २४ तासांच्या आत ऊस गव्हाणीत पडेल असे बघा. जळीत उसाची साल तडकलेली असते, तो त्याहून लवकर आणा.