आधी बाही वर, मग मॅट

पहाटे ५.३०
जुलै लागला की आमच्या कोल्हापूर भागात कपडे वाळत नाहीत आणि नायटे बरे होत नाहीत. शाळेचा क्रीडाशिक्षक म्हणून पोरं यायच्या आत कुस्तीची मॅट धुणं हे माझं पहिलं काम. आधी साबणाच्या पाण्यानं घाम-माती काढायची. मग लिटरभर पाण्यात २० मिली घरगुती ब्लीच, रोज ताजं कालवलेलं. ते फिरवून दहा मिनिटं तसंच राहू द्यायचं. लगेच पुसलं तर हॉलला नुसता वास येतो, जंतू जागच्या जागी. शेवटी साधं पाणी आणि पंखा. तालमीतल्या तांबड्या मातीत हळद, ताक, तेल घालतात. मॅटचा खुराक हा.

६.००
रांग. नखं, मान, हात, पाठ, पाय सगळ्यांचं बघायचं. आधी माझी बाही वर, मग त्यांची.

आठवीतला एकजण कोपर अंगाला चिकटवून उभा.
"काय रे, हात वर कर."
"काय नाही सर, डास चावलाय."

डासाची गांधी एक-दोन दिवसांत बसते. हा रुपयाएवढा गोल, कडेला लाल आणि खवले धरलेला, मध्ये कातडी जवळपास साफ. नायटाच. मेडिकलमधून कुणाच्या तरी सांगण्यावरून आणलेली ट्यूबही लावून झालेली. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. खाज थांबते, कडा पुसट होते, म्हणून पोराला वाटतं बरं झालं. बुरशी मात्र आत पसरत राहते आणि डॉक्टरांनाही ओळखणं अवघड जातं.

लपवलं का, हे विचारायची गरज नव्हती. पुढच्या आठवड्यात तालुक्याची निवड आहे.

"डाव बंद, सराव चालू. दोर, जोर, बैठका. मॅटवर कधी यायचं ते डॉक्टर सांगतील."

अंगाला अंग घासणाऱ्या खेळात एकानं लपवलेलं सगळ्यांना पडतं. अमेरिकेत मिनेसोटातल्या शालेय मल्लांच्या शिबिरात १९८९ साली १७५ पैकी ६० जणांना हर्पीसचे फोड आले होते. ओठावर ताप उठतो त्याचाच तो विषाणू. गालाला गाल लावून पकडी करताना पसरला.

११.००
शाळा भरली. सातवीत एकाचे डोळे आलेले. घरी पाठवला. बाकीच्यांना सांगितलं: डोळ्याला हात नाही, रुमाल ज्याचा त्याचा, बाटलीला तोंड लावून पाणी फिरवायचं नाही.

१२.३०
आठवीतल्या पोराच्या आईला फोन.
"ताई, एकट्याचं औषध करून भागायचं नाही. घरात आणखी कुणाला खाजतंय का?"
"ह्याच्या वडलांना हाय की. लाजून दवाखान्यात जाईनात."
"आणि टॉवेल?"
"एकच हाय, न्हाणीतला."

पोराला मॅटवरनंच लागलं असेल असं मी धरून चाललो होतो. आता दोघांनाही डॉक्टरांकडे न्या, टॉवेल वेगळे करा आणि कपडे गरम पाण्यात धुवा, एवढं सांगितलं.

४.३०
मैदानावर कबड्डी. कोपऱ्यात पाणी साचलंय. तिकडे उंदरांची बिळं आहेत आणि उंदराच्या मुतातून लेप्टो होतो, म्हणून फुटलेल्या पायांनी तिथं जायला बंदी. चढाईत एकाचा गुडघा सोलला. खेळ थांबवला. मी हातमोजे घातले, जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं धुतली, दाबून धरली, पट्टी बांधली. जर्सीला रक्त लागलं होतं, ती बदलायला लावली. रक्त थांबून जखम झाकल्याशिवाय मैदानात परत नाही. दहाव्या आणि सोळाव्या वर्षीचं धनुर्वात-घटसर्पाचं इंजेक्शन झालंय का, हे वहीत बघितलं. त्याच्या नावापुढं जागा कोरी. घरी चिठ्ठी दिली.

६.३०
सराव संपला की लगेच अंघोळ. लंगोट, जांघ्या, गुडघापट्टी आपली आपली. ओला जांघ्या पिशवीत कोंबून दुसऱ्या दिवशी तोच चढवणं, यावरून मी सगळ्यात जास्त ओरडतो.

७.००
संघाची संभाव्य यादी फळ्यावर लावली. आठवीतल्या पोराचं नाव त्याच्या वजनगटात आहे तिथंच, पुढं लिहिलंय: 'उपचार चालू, डॉक्टरांच्या परवानगीनंतर'. मोठ्या स्पर्धांत वजनाच्या वेळी डॉक्टर कातडी तपासतात आणि संसर्ग दिसला तर परत पाठवतात. म्हणजे लपवून जागा टिकत नाहीच. पण हे सांगून पोरांना पटत नाही. सांगितलं तरी नाव राहतं, हे त्यांना यादीतच दिसावं लागतं.

मी हॉलला कुलूप लावत होतो तेव्हा नववीतले दोघं मागं रेंगाळले.
"सर, आमचं पण जरा बघता का?"